दुसरी खाच

त्या उन्हाळ्यात गवत वाळेचना. चार दिवस कापायचं, पाचव्या दिवशी पाऊस यायचा, सहाव्या दिवशी पुन्हा सगळं उलटायचं. नवरा, इलुगी, ट्रॅक्टरवर आणि मी मागून दाताळं घेऊन, असं आमचं पंचेचाळीस वर्षं चाललंय. मुलगी दक्षिणेला शहरात असते. आता बसून राहा म्हणून फोनवर सांगते. फोनवर गवत कापता येत नाही.

जुलैत माझ्या लक्षात आलं की इलुगी पट्टे सोडतोय. कापलेल्या शेताच्या मधोमध हातभर रुंदीचं गवत उभंच्या उभं. एक नाही, तीन पट्टे.

"न्हाव्याला मध्येच शिंक आली काय?" मी विचारलं.

"पातं बोथट झालंय."

पातं मी जाऊन पाहिलं. त्याने दाढी झाली असती.

मग कॉफी कपाच्या बाहेर पडायला लागली. समोरून उन्ह आलं की गाडी रस्त्याच्या मधून चालायची. टीव्हीवरची हवामानाची अक्षरं तो मला वाचायला सांगायचा आणि वर म्हणायचा, हल्ली अक्षरं बारीक करून ठेवलीत मेल्यांनी.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. तेव्हा घरी आल्या आल्या त्याने खिडकीत उभं राहून समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या मोजल्या होत्या आणि कोणती कोणाची ते सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, आता घरातली धूळ दिसेल तुला, माझी धडगत नाही. आणि आता पुन्हा त्याच्या डोळ्यांपुढे तेच दूध सांडल्यासारखं.

"परत आलाय तो," ऑगस्टमध्ये एकदा तो म्हणाला. तेवढंच.

"मग जाऊन दाखवू या."

"आईचा डोळा दोनदा कापला होता. दुसऱ्यांदा कापला आणि ती गेली तेव्हा तिला दिवा लावलेला कळत नव्हता. मला ठाऊक आहे दुसऱ्यांदा काय होतं ते."

त्याची आई गेली त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हाचे डॉक्टर वेगळे, अवजारं वेगळी. मी सांगून पाहिलं. पण त्याच्या मनात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या तो बोलत नव्हता आणि मीही काढत नव्हते. या वयात गाडीच्या परवान्याला दर वर्षी डॉक्टरची चिठ्ठी लागते. आणि सप्टेंबर जवळ आला होता.

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली येतात. अख्ख्या खोऱ्याच्या, चार-पाच हजार. सगळ्या मिळून एका गोल मेंढवाड्यात. मधे मोठा गोल आणि भोवती प्रत्येक शेताचा एकेक कप्पा. प्रत्येकाने मेंढीचा कान पाहायचा, आपली खूण ओळखायची आणि तिला पायांमध्ये धरून आपल्या कप्प्यात ढकलायची. कानात प्लास्टिकचे बिल्ले असतात हल्ली, पण बिल्ले कुंपणाला अडकून निघतात. चाकूने कापलेली खूण कुठे जात नाही. आणि दोघांत वाद झाला तर कान वाचायला एक पारखी नेमलेला असतो. तीस वर्षं तो इलुगी होता. धावत्या मेंढीचा कान तो वीस पावलांवरून वाचायचा. लोक पैज लावायचे आणि हरायचे.

आमची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक सरळ छाटलेलं आणि डाव्या कानाला मागच्या कडेवर एक खाच. आमच्या शेजारचं शेत टुंगा. त्यांची खूणही तीच, फक्त डाव्या कानाला मागे दोन खाचा. फार पूर्वी दोन्ही शेतं एकच होती, भावाभावांत वाटणी झाली आणि धाकट्याने एक खाच वाढवून घेतली. इतक्या जवळच्या खुणा एका वाड्यात ठेवू नयेत असं खुणांच्या वहीत छापलेलं आहे, पण आमच्या खुणा वहीपेक्षा जुन्या.

टुंगा माझं माहेर. मी दोन खाचांच्या घरातून एका खाचेच्या घरात आले. लग्नात माझा भाऊ हाफ्लिदी म्हणाला होता, "आमच्या ओड्नीची एक खाच बुजवून घ्या बरं का." सगळे हसले होते. हाफ्लिदीने लग्न केलं नाही. आई-बाबा गेल्यावर तो एकटाच टुंग्याला राहिला, दोनशे मेंढ्या आणि एक कुत्री. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि इलुगीशी पत्ते खेळताना बिनदिक्कत फसवायचा. इलुगीला ते कळायचं. त्या उन्हाळ्यात कळेनासं झालं, तेव्हा हाफ्लिदीने फसवणं सोडून दिलं. त्याने मला काही विचारलं नाही. समजला असणार.

वाड्याच्या दिवशी सकाळी गाडी मी चालवली. इलुगीने नवी टोपी घातली होती.

"आज कुणी बोलावलं तर काय करशील?" मी विचारलं.

"कोण बोलावतंय. सगळ्यांना बिल्ले आहेत."

"आणि बोलावलंच तर?"

त्याने टोपी आणखी खाली ओढली. मग म्हणाला, "आजचा दिवस निभावून ने, ओड्नी. लोकांसमोर नको. उद्या फोन कर डोळ्याच्या डॉक्टरला. जाऊ या. शब्द देतो."

बायको म्हणून एवढा शब्द मला पुरला.

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. बारीक पाऊस, घोट्यापर्यंत चिखल, मेंढ्यांच्या ओल्या लोकरीचा वास, माणसांच्या हातात बाटल्या, गाणी. इलुगी आमच्या कप्प्याच्या दाराशी उभा राहिला आणि मी मेंढ्या आणत गेले. "गुडघा दुखतोय त्याचा," मी सगळ्यांना सांगितलं. खोटं मी चांगलं बोलते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ते कोकरू आलं. मादी, तपकिरी, गळ्याभोवती पांढरा पट्टा, पाठ अशी रुंद की हात ठेवला तर हात बुडावा. त्या वर्षीच्या कोकरांत तसं दुसरं नव्हतं. आई कुठे दिसत नव्हती. डाव्या कानातला बिल्ला निघून गेला होता आणि जाताना कान मागच्या कडेपर्यंत फाडून गेला होता. रक्त सुकून काळं झालेलं, वर चिखल. इलुगीच्या मांडीवर येऊन ते आपटलं आणि त्याने ते धरलं.

"आमचं," तो म्हणाला आणि दार उघडलं.

"इलुगी, माझं आहे ते," हाफ्लिदी मागून म्हणाला. हसतच म्हणाला. "ठिपकीचं पिल्लू. मी स्वतः कान कापलाय."

इलुगीने कान डोळ्यांजवळ नेला. मी त्याच्याकडे बघत होते. तो कान बघत नव्हता, कान जिथे असावा तिथे बघत होता. "एक खाच," तो म्हणाला.

"दोन आहेत. दुसरी त्या फाटलेल्याला लागून आहे. बोट फिरव."

बोट फिरवलं असतं तर तिथेच संपलं असतं. चाकूची खाच कोकरू चार दिवसांचं असताना पाडतात, तिची कड भरून गुळगुळीत होते. फाटलेलं खरखरीत लागतं. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण बोटाने कान वाचतात ते अंधारात किंवा म्हातारपणी. भर दुपारी, पाचशे माणसांत, पारख्याने बोट फिरवायचं म्हणजे डोळे गेले हे सांगायचंच.

"मला बोट लागत नाही," इलुगी म्हणाला.

भोवती माणसं जमली. वाड्याचा मुख्य केटिल आला. चांगला माणूस, आवाज कधी चढवत नाही. तो म्हणाला, "इलुगी, कोकरू तुझंच म्हणतोस, तर निकाल तू नको देऊस. दुसऱ्या कुणाला पाहू दे."

"तीस वर्षांत माझा एक कान चुकला असेल तर सांग."

"तसं नाही रे."

"ओड्नी पाहील," हाफ्लिदी म्हणाला. "चालेल ना? माझी बहीण, तुझी बायको. तिला बाबांनी कान वाचायला शिकवलंय."

"चालेल," इलुगी म्हणाला.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही खात्री होती.

मी चिखलात गुडघ्यावर बसले आणि कान हातात घेतला. लहानपणी बाबा माझा अंगठा धरून कानाच्या कडेवरून फिरवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, किती? मी अंगठा फिरवला. पहिली खाच लागली. मग फाटलेलं, खरखरीत. मग त्याच्या खाली, सुकलेल्या रक्ताआड, दुसरी. गुळगुळीत, नखाएवढी. हाफ्लिदी डावरा, त्याची खाच थोडी तिरपी पडते. ही तिरपीच होती.

मी वर पाहिलं. इलुगीच्या नव्या टोपीवरून पाणी गळत होतं. आजचा दिवस निभावून ने. एका कोकराचंच तर आहे, मला वाटलं. हाफ्लिदीला उद्या घरी जाऊन सांगीन, दोन कोकरं देईन, तो हसेल. भाऊ आहे माझा, तो समजून घेईल. समजून घेणाऱ्याच्याच वाट्याला हे येतं, एवढं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

"एकच," मी म्हणाले.

हाफ्लिदी माझ्याकडे बघत राहिला. तो रागावला नाही. त्याला ऐकू आलं नसावं असा चेहरा होता त्याचा.

तिथे तरी इलुगीने गप्प बसावं. पण दिवसभराची भीती सुटल्यावर त्याच्या तोंडाला आवर राहिला नाही. "बघ," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "की दुसरी खाच घरी नेऊन पाडणार होतास? चाकू आहे ना खिशात? आमच्याकडे त्याला मेंढीचोर म्हणतात."

गाणी थांबली. आमच्या खोऱ्यात माणसाला काहीही म्हणा, दारुडा म्हणा, बायकांच्या मागे लागणारा म्हणा, तो उद्या तुमच्याशी बोलेल. हा एक शब्द कुणी कुणाला म्हणत नाही. हा शब्द माणूस मेल्यावरसुद्धा त्याच्या शेताच्या नावाला चिकटून राहतो.

 हाफ्लिदीने हातमोजे काढले, एकात एक घातले, खिशात ठेवले. मग तो कप्प्यांच्या भिंतीवरून चढून बाहेर गेला. पन्नास वर्षांत त्याला दारातून न जाता भिंतीवरून जाताना मी पाहिलं नव्हतं. त्याच्या मेंढ्या संध्याकाळी केटिलने ट्रकने पोचवल्या.

दुसऱ्या दिवशी मी फोन हातात घेतला. इलुगी म्हणाला, "कुणाला करतेस?"

"डोळ्याच्या डॉक्टरला. शब्द दिलायस."

"आता कशाला? निभावलं ना. हिवाळ्यात बघू."

मी फोन ठेवला. तो उचलून त्याच्या डोक्यात घालायला हवा होता.

टुंग्याला मी तिसऱ्या दिवशी गेले, भाकरी आणि मांसाचा रोल घेऊन. हाफ्लिदीने दार उघडलं, कॉफी केली, माझ्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली, लहानपणापासून घालायचा तशी. कुत्री माझ्या पायाशी येऊन पडली.

"अंगठा फिरवलास तू," तो म्हणाला.

"हो."

"बाबांनी शिकवल्यासारखा."

"रक्त होतं रे. चिखल होता."

"बरं," तो म्हणाला.

मी सांगायला गेले होते. इलुगीला दिसत नाही, मी घाबरले, कोकरू तुझं आहे, हे सगळं रस्त्यात जुळवून ठेवलं होतं. पण सांगितलं असतं तर त्याने लगेच विचारलं असतं, मग हे केटिलला सांगशील का? आणि केटिलला मी सांगणार नव्हते. मी कॉफी संपवली आणि कप धुवून ठेवला. त्याच्या घरी मी याआधी कप कधी धुतला नव्हता.

ऑक्टोबरात खाटीकखान्याच्या गाड्या आल्या तेव्हा हाफ्लिदीने कोकरं दिली, मग मेंढ्या दिल्या, मग एडके दिले. सगळ्या. दोनशे. केटिल त्याला समजवायला गेला होता. त्याला तो म्हणाला, "ज्याच्यावर तो शब्द पडला त्याच्या घरात मेंढी दिसली की लोक आधी तिचा कान बघणार. मला ते बघवायचं नाही."

ते तपकिरी कोकरू आम्ही घरच्यासाठी कापलं. असली पाठ असलेली मादी कुणी कापत नाही, वाढवतात. पण इलुगी म्हणाला, "ती नको मला डोळ्यांसमोर," आणि मी हो म्हटलं. मुंडकं भाजून, घासून, मधोमध चिरून मी इतरांबरोबर फ्रीजरमध्ये ठेवलं. त्याचं डावं अर्धं मात्र वेगळ्या कागदात बांधून तळाशी घातलं. का, ते तेव्हा माझं मलाच नीट माहीत नव्हतं.

हाफ्लिदी जानेवारीच्या शेवटी गेला. पोस्टमनला दुपारी तो गोठ्यात सापडला. हृदय, डॉक्टर म्हणाले. रिकाम्या गोठ्यात एकही मेंढी नसताना तो गव्हाणी झाडत होता. झाडू हाताखाली होता आणि कुत्री शेजारी बसली होती. कुत्रीला मी घरी आणलं. ती दारातच झोपते, आत येत नाही.

पेटी बंद करायच्या आधी घरच्यांनी शेवटचं बघायचं असतं. घरचे म्हणजे आम्ही दोघंच, बर्फाने रस्ते बंद होते म्हणून मुलगी पोचली नव्हती. चर्चमधल्या छोट्या खोलीत पेटी उघडी ठेवली होती. मी त्याच्या कपाळाला हात लावला. मग इलुगी वाकला. वाकलेलाच राहिला, तोंड अगदी त्याच्या तोंडाजवळ नेऊन. मला वाटलं, माफी मागतोय.

"ओड्नी," तो हळूच म्हणाला, "मला तो दिसत नाही. नुसतं पांढरं आहे. नाक कुठे, डोळे कुठे, काही कळत नाही."

मी त्याचा हात धरला आणि हाफ्लिदीच्या चेहऱ्यावरून फिरवला. कपाळ, भुवया, मोडलेलं नाक, हनुवटी. त्या वेळी मात्र त्याने बोट फिरवलं. तो रडायला लागला. मी रडले नाही, त्याचा हात तसाच धरून ठेवला.

"मला घेऊन चल डॉक्टरकडे," तो म्हणाला.

पाच आठवड्यांनी आकुरेरी शहरातल्या इस्पितळात नंबर लागला. डॉक्टर तरुण बाई होती, साल्वोर नावाची, थट्टेखोर. तिने डोळ्यांत थेंब घालून भिंगातून पाहिलं.

"परत आलाय ना?" इलुगीने विचारलं.

"कोण?"

"मोतीबिंदू."

"तो परत येत नसतो, इलुगी. काढून टाकला तो गेला. तुझं नवं भिंग ज्या पातळ पिशवीत बसवलंय ना, तिची मागची बाजू गढूळ झालीय. पुष्कळांना होतं असं. लेझरने तिला मधोमध छोटीशी खिडकी पाडते, झालं."

"कापणार?"

"चाकू नाही, सुई नाही, टाका नाही. दुखायचंसुद्धा नाही."

"किती वेळ?"

"एका डोळ्याला पाच मिनिटं. त्यातली तीन तू हनुवटी नीट टेकवण्यात घालवणार."

इलुगी माझ्याकडे वळला. त्याला मी दिसत नव्हते हे बरं झालं.

"धूसर कधीपासून आहे?" साल्वोरने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"मग इतके दिवस थांबलास कशाला?"

त्याने मांडीवरची टोपी फिरवली. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "गवत वाळत नव्हतं."

त्याने हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. यंत्रातून टिक, टिक असा आवाज येत होता, गुरं राखायच्या विजेच्या कुंपणातून येतो तसा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. उजवा डोळा चार मिनिटं. डावा साडेचार. थोडे दिवस डोळ्यांपुढे माश्या उडतील, ती म्हणाली, घाबरू नकोस, पण विजा चमकल्या किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर लगेच फोन कर. मग ती दुसऱ्या पेशंटला हाक मारायला गेली.

एवढंच होतं ते. साडेआठ मिनिटं. त्याच्यासाठी माझा भाऊ गेला.

थेंबांचा अंमल उतरेपर्यंत आम्ही मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. रस्त्याने इलुगी पाट्या वाचत होता. गावांची नावं, पुलांची नावं, दुकानातल्या दह्याच्या जाहिराती, सगळं मोठ्याने. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हातारी झालीस तू."

"तू आरशात बघ आधी."

"डोळे सुजलेत तुझे."

"पाच आठवडे रडतेय. तुला आज दिसलं."

टुंग्याच्या वळणावर तो गप्प झाला. गोठ्याचं लाल छप्पर, बंद दार, दाराशी न काढलेला बर्फ. त्याने ते सगळं नीट पाहिलं. वळण गेलं तरी मान वळवून पाहत होता.

आठवडाभर मी वाट पाहिली. तो सगळं बघत हिंडत होता, मेंढ्यांचे कान, कुंपणाचे खिळे, खिडकीतली धूळ. आता तोच काहीतरी विचारेल असं मला वाटत होतं. विचारत नव्हता. आणि मला तोंडाने सांगता येत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत मी या माणसाला काय काय सुनावलंय, पण याचं पहिलं वाक्य जुळेना.

शनिवारी मी फ्रीजरच्या तळाचा कागद सोडला. अर्धं मुंडकं उकडलं, बटाटे केले, सलगमचं भरीत केलं आणि दुपारी त्याच्यापुढे वाढलं. माझ्या ताटात दुसरं होतं.

भाजलेलं मुंडकं आमच्याकडे सगळं खातात. आधी गाल, मग जीभ, मग डोळा, शेवटी कान. कान खायचा, पण खुणेची कड सोडायची. ती ताटाच्या बाजूला काढून ठेवायची. खूण खाणारा माणूस पुरावा खातो, असं मानतात. लहान मुलांनाही हे आधी शिकवतात, काटा-चमचा धरायला नंतर.

इलुगीने गाल खाल्ला, गवताबद्दल काही बोलला, जीभ खाल्ली. मग कान सोलायला घेतला. भाजून घासून कान स्वच्छ झाला होता, केस नाही, रक्त नाही, माती नाही. चाकू लावता लावता त्याचा हात थांबला. त्याने कान खिडकीच्या उजेडात धरला. मग चाकू खाली ठेवला आणि अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"हे ते कोकरू," तो म्हणाला.

"हो."

"दोन आहेत."

"हो."

"दुसरी तिरपी आहे. हाफ्लिदीचा हात."

मी मान हलवली.

"तुला कधी कळलं?"

"अंगठा फिरवला तेव्हाच."

"वाड्यात."

"वाड्यात."

"आणि एकच म्हणालीस."

"तू म्हणाला होतास एक. दिवस निभावून ने म्हणाला होतास."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे आता निळेशार, स्वच्छ होते, त्यांना सगळं दिसत होतं.

"मला दिसत नव्हतं, ओड्नी," तो म्हणाला. "तुला दिसत होतं."

त्याने खुणेची कड कापून बाजूला काढली, रुमालात बांधली आणि बाहेर निघून गेला. ताटातलं राहिलेलं मी कुत्रीला घातलं. तिने ते हुंगलं आणि खाल्लं नाही.

त्यानंतर आमच्यात भांडण असं झालं नाही. एप्रिल गेला, मे महिन्यात कोकरं झाली, त्याने कान कापले, मी कोकरं धरली. कामापुरतं बोलायचो. जूनमध्ये त्याने केटिलला चिठ्ठी लिहिली, पारखीपण सोडलं म्हणून. लोक म्हणाले, वय झालं. रविवारी तो पत्ते काढायचा, दोघांचे वाटायचा आणि एकटाच बसायचा.

सप्टेंबरात पुन्हा वाडा भरला. कोरडा, उन्हाचा दिवस होता. इलुगीने या खेपेला गाडी स्वतः चालवली, जुनी टोपी घातली. आत शिरल्यावर तो आमच्या कप्प्याकडे गेला नाही. टुंग्याची पाटी अजून तशीच होती. तिथलं दार उघडून तो आत जाऊन उभा राहिला. मेंढ्या मधल्या गोलात आल्या, माणसं धावली, आरडाओरड सुरू झाली आणि तो तसाच उभा.

"इलुगी," केटिलने लांबून हाक मारली, "चुकलास का रे? तुझा कप्पा पलीकडे."

"चुकलो, केटिल," तो म्हणाला.

केटिल जवळ आला. आणखी काही जण आले. इलुगीने खिशातून रुमाल काढला, सोडला आणि ती कानाची सुकलेली कड तळहातावर धरली. "गेल्या वर्षीचं कोकरू. दोन खाचा आहेत, बघा. माझे डोळे गढूळ झाले होते आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. कोकरू हाफ्लिदीचं होतं. मी त्याला जे म्हणालो ते या इथे म्हणालो, म्हणून इथेच सांगतोय. चोर म्हणायचं तर मला म्हणा."

केटिलने टोपी काढली. कान हातोहात फिरला. लोक अंगठा फिरवत होते आणि पुढे देत होते. इलुगीने माझं नाव घेतलं नाही. तेवढं तो माझ्यासाठी करणार होता, मेहेरबानी म्हणून की शिक्षा म्हणून ते मला अजून कळलेलं नाही.

मी दाराची फळी उचलून आत गेले आणि त्याच्या शेजारी उभी राहिले. "अंगठा माझा होता," मी म्हणाले. त्याच वेळी मधल्या गोलात मेंढ्यांचा नवा लोंढा सुटला आणि त्या बें बें मध्ये कुणाला काही ऐकू गेलं नाही. मी गप्प झाले. तेवढ्यावर सुटता आलं असतं.

"मोठ्याने बोल, ओड्नी," इलुगी म्हणाला. तो पुढेच बघत होता.

मग मी मोठ्याने बोलले. मला कळलं होतं, मी त्याच क्षणी ओळखलं होतं, आणि मी माझ्या भावाचं नाव मातीत घातलं. सगळं बोलले.  थोड्या वेळाने माणसं आपापल्या मेंढ्यांकडे वळली, दिवस सरायच्या आत काम उरकायचं होतं. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. बाकीच्या सगळ्या कप्प्यांत खुरांखाली गवत तुडवलं जाऊन नुसती माती उरली होती. टुंग्याच्या कप्प्यात गवत गुडघाभर उभं होतं.